बिनगुळाचं काम

“आता मागे चाला,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

वॉर्डातल्या खाटांच्या दोन रांगांमधून माझे यजमान भिंतीपर्यंत चालून परत आले होते. सावकाश, पाय घासत, पण आले होते. मला वाटलं, पास झाले. मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे मला सगळंच पास-नापास दिसतं. पुढे चालता आलं तर मागे चालायला असं काय लागतं? आमच्या बालवाडीतली पोरं आगगाडी खेळताना अख्खं पटांगण मागे-मागे जातात.

त्यांनी एक टाच उचलली. ती टेकायच्या आतच सगळं अंग भिंतीला लावलेली फळी सरकावी तसं मागे कललं. मी आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबाबांची सून, आम्ही दोघींनी मिळून धरलं म्हणून डोकं वाचलं. पडताना माणूस हात पसरतो, निदान ओरडतो तरी. यांनी काही केलं नाही. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. आणि मग आमच्या हातांत तसेच तिरपे असताना ते मोठ्याने हसायला लागले.

सगळा वॉर्ड आमच्याकडे बघू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम मात्र हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. खाली वाकून त्यांनी यजमानांच्या डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, “तुम्हाला हसू येत नाहीये ना? आपोआप होतंय?”

यांनी मान हलवली. तोंड हसत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता. मीही नाही.

“क्रॉनिक मँगनीज पॉयझनिंग,” मॅडम बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी ते साध्या मराठीत सांगितलं. मँगनीज म्हणजे खाणीतून निघणारा काळा धातू. त्याची धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडातून आत जात राहिली की ती मेंदूच्या एका भागात जाऊन बसते. चालणं, बोलणं, चेहरा हलणं, हसू आवरणं, हे सगळं तो भाग सांभाळतो.

“मग ती धूळ निघते का?” मी विचारलं.

“धूळ निघेल हळूहळू. तिनं केलेलं नुकसान बहुतेक भरून निघणार नाही.”

मला त्यांचा फार राग आला. खोटं बोलायला काय जात होतं त्यांचं? आज मी त्यांचे उपकार मानते, पण त्या दिवशी मनातल्या मनात मी त्यांना भरपूर शिव्या घातल्या, हेही खरंच आहे.

हे मी लिहिते आहे ते माझ्यासारख्या बायांसाठी. ज्यांचा माणूस सकाळी डबा घेऊन कारखान्यात जातो आणि ज्यांना त्याच्या कामाचं फक्त नाव ठाऊक असतं.

माझ्या यजमानांचं नाव धनराज. तोंडाने मी ते कधी घेतलं नाही, लिहायला हरकत नाही. कामठी रोडच्या पुढे आडबाजूला एक पिसाईचा कारखाना होता, तिथे ते कामाला होते. रामटेककडच्या खाणींमधून ट्रकने काळा दगड यायचा. तो फोडायचा, दळायचा आणि पोत्यांत भरायचा. टॉर्चचा सेल फुटला की आतून जी काळी भुकटी निघते ना, ती असल्याच दगडाची.

आधी ते क्रशरवर होते, म्हणजे दगड फोडायच्या मशीनवर. क्रशरवाल्यांना पाळी सुटताना हातावर गुळाचा खडा मिळायचा. गूळ नरड्यातली धूळ ओढून पोटात नेतो आणि सकाळी बाहेर टाकतो, असं तिथे मालकापासून हमालापर्यंत सगळे मानत. मीही मानत होते. ज्यांना गूळ, त्यांचीच वर्षातून एकदा तपासणी व्हायची. कंपनीचे डॉक्टर येत, छातीला नळी लावत, पापणी खाली ओढून बघत, वजन करत. कारखान्यातले लोक त्यांना ‘गुळवाले’च म्हणत.

धनराज तो खडा खात नसत. रुमालात बांधून घरी आणत. आमच्या दोन्ही मुली दाराशी वाट बघत उभ्या असायच्या. गुळाला रुमालाचा वास असायचा आणि कधीकधी काळा डाग. मी तेवढा खरवडून काढायची आणि तिघी मिळून खायचो.

मग त्यांना बढती मिळाली. पॅकिंगमध्ये घेतलं. काय तो शब्द! ऐकतानाच इस्त्री केल्यासारखा वाटतो. माझ्या डोळ्यांसमोर टेबल आलं, खाकी कागद आला, सुतळी आली. मी खीर-पुरी केली, विहारात जाऊन मेणबत्ती लावली आणि नळावर पाणी भरताना सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “आमचे हे आता पॅकिंगमध्ये आहेत.” एकच वाईट झालं, गूळ बंद झाला. पॅकिंग म्हणजे साफ काम, धुळीचं नाही, म्हणून गूळ नाही आणि डॉक्टरही नाही. मुली दोन-चार दिवस रुसल्या.

कपडे मात्र पूर्वीपेक्षा काळे यायला लागले. धुताना बादलीत शाईसारखं पाणी उतरायचं. मी साबणाला नावं ठेवली.

सुरुवात झोपेपासून झाली. आडवे पडले की डोळे उघडेच. मग आवाज बदलला. आमच्या घरात सगळ्यांच्या नकला करणारा हा माणूस, पण आता रेडिओवर बाजारभाव सांगतात तसा एका सुरात बोलायला लागला. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. मोठीच्या पाटीवर तिचं नाव घालून दिलं तर अक्षरं लहान-लहान होत शेवटी मुंगीएवढी झाली. ती म्हणाली, “बाबा, हे कोनाले वाचता येईन?” आम्ही हसलो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण आम्हाला कुठे माहीत होतं!

आणि मग ते हसू. धनराजच्या मावशी वारल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाला सगळे नातेवाईक जमले होते, भन्तेजी गाथा म्हणत होते, आणि मध्येच हे खो-खो हसायला लागले. थांबेचनात. माझ्या नणंदेने तिथल्या तिथे आवाज चढवला.

“काहून हसून राह्यला गा तू? ज्या मावशीनं तुले पोसलं, तिच्या पुण्यानुमोदनात हसतं? लाज नाही वाटत?”

मागून कोणीतरी म्हणालं, “घेऊन आला असन.”

धनराजनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. माझं टाळकं फिरलं. मी त्यांना दंडाला धरून त्या बोलणाऱ्या गृहस्थांसमोर नेलं आणि म्हटलं, “घ्या वास. या ना जवळ. घ्या बरं वास, म्हंजे घरी जाऊन झोप तरी येईन तुमाले.” ते गृहस्थ मागे सरकले. त्यांची तेवढी जिरवली मी, पण घरी परत येताना धनराज रस्त्यात एकदा आपोआप मागच्या बाजूला तोल जाऊन बसले, आणि तेव्हा माझी सगळी मिजास उतरली.

तिथून दवाखान्यांचा फेरा सुरू झाला. वस्तीतल्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. मग कोणाच्या तरी ओळखीने धरमपेठेतल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे बाकड्यावर आमच्यासारखं दुसरं कोणी नव्हतं. मी पदर सावरून बसले आणि धनराजची लाळ हळूच पुसत राहिले. डॉक्टरांनी विचारलं, “काम काय करता?” मी म्हटलं, “पॅकिंग.” ते म्हणाले, “म्हणजे हलकं काम आहे, छान,” आणि टॉनिक लिहून दिलं.

कंपनीच्या डॉक्टरांनाही मी ऑफिसच्या दारात गाठलं. ते म्हणाले, “पॅकिंगवाले को क्या होगा? घर में कुछ टेन्शन है क्या?” टेन्शन होतंच. त्यांना भेटल्यावर आणखी वाढलं.

एका ठिकाणी रक्त तपासलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, तुमचे मिस्टर बाहेर कुठे जातात का. मी म्हटलं, जातात, कारखान्यात. शेवटी मनोरुग्णांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या गोळ्यांनी ते आणखीच ताठरले, मान एका बाजूला कलली ती कललीच. मी गोळ्या बंद केल्या. सगळीकडे पहिल्या दोन-तीन प्रश्नांत ‘काम काय’ हा प्रश्न असायचाच, सगळीकडे मी ‘पॅकिंग’ सांगायची, आणि समोरचा मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे जायचा. त्या शब्दापाशी कोणी थांबलं नाही. मीच थांबले नाही, तर त्यांना काय बोल लावू?

मधल्या काळात धनराजचं कामावर जाणं सुटलं. कारखान्यातून निरोप आला, घरातला माणूस असेल तर पाठवा, जागा देऊ. माझा धाकटा भाऊ मनोहर बेकार होता, आमच्याच घरी राहत होता. तो लागला. पॅकिंगमध्ये. मला हायसं वाटलं. पहिल्या दिवशी त्याचा डबा मीच बांधून दिला.

मोठ्या सरकारी दवाखान्यात जागा मिळाली तेव्हा धनराजना घास भरवावा लागत होता. तिथेही तपासण्या झाल्या. लंबर पंक्चर केलं, म्हणजे पाठीच्या मणक्यात सुई घालून आतलं पाणी काढलं. ते स्वच्छ आलं. डोक्याचा एक्स-रे काढला. तो स्वच्छ आला. लघवी तपासली, डोळ्यात बत्ती मारून पाहिलं. एकेक रिपोर्ट चांगला यायचा आणि मी जास्त घाबरायची. काही सापडलं असतं तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. समोर कोणीच नसेल तर बाई भांडणार कोणाशी?

मी वॉर्डाच्या व्हरांड्यात बसून असायची. तिथे सगळ्यांचीच तऱ्हा सारखी. कोणाच्या हातात थर्मास, कोणाच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम वर. मला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला असेल तर आपल्या माणसाचं काय झालं आहे हे आपल्यालाही सांगता येत नाही आणि त्याला तर नाहीच नाही, याचा. मान वाकडी करून ते माझ्याकडे बघत राहायचे. चेहरा दगडाचा आणि आत माणूस जागा. ते आत जागे आहेत हे मला कळायचं, पण बाहेर कसं काढायचं ते कळत नव्हतं.

मग त्या वॉर्डात नवीन मॅडम आल्या. ठेंगण्या, पुणेरी बोलणाऱ्या, केसांचा घट्ट अंबाडा. राउंडला त्यांनी केसपेपर वाचला आणि तेच विचारलं.

“काम काय करतात?”

“पॅकिंग.”

“कशाचं पॅकिंग?”

“मालाचं.”

“कुठला माल?”

“काळी भुकटी,” मी म्हटलं. मला एवढंच माहीत होतं. ती भरतात कशी, कुठे उभं राहून, कशाने, काही ठाऊक नव्हतं. मॅडम धनराजकडे वळल्या. “तोंडाने नका सांगू, त्रास होईल. हातांनी करून दाखवा. सकाळी गेलात, उभे राहिलात. आता काय करता?”

धनराजनी उशी ओढली. तिची खोळ काढायला त्यांना वेळ लागला. मी मदत करायला गेले तर मॅडमनी मला हातानेच थांबवलं. धनराजनी खोळीचं तोंड दोन्ही हातांनी पसरून छातीशी धरलं, वर पाहिलं, डोळे मिटले आणि मान एका बाजूला फिरवली. तशीच मान फिरवलेली ठेवून खोळ दोनदा-तीनदा आपटली, म्हणजे आतला माल बसावा. परत तोंड पसरलं, परत डोळे मिटले. आपटताना मात्र त्यांनी श्वास रोखून धरला होता. शेवटी एक लांब श्वास आत घेतला.

डबा घेऊन मनोहर तेवढ्यात आला होता. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून बघत होता. तो म्हणाला, “बराबर हाये. अस्संच. वरतून भकाभका पीठ येते मॅडम. तोंड फिरवून घ्या लागते, नाही तं डोये भरतात. दारं-खिडक्या बंदच राह्यतात, पीठ उडून वाया जाऊ नये म्हनून.”

मॅडमनी त्याच्याकडे वळून पाहिलं. “तुम्हाला कसं माहीत?”

“मी आता भाऊजींच्याच जागेवर हावो ना.”

मग त्या केसपेपरवर बराच वेळ लिहीत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी धनराजना मागे चालायला सांगितलं. ते मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

त्यांनी मला समजावून सांगितलं की दगड फोडताना मोठे तुकडे पडतात, खडबडीत धूळ उडते, ती बरीचशी नाकात अडते किंवा खाली बसते. दळलेलं पीठ जितकं बारीक तितकं खोल जातं. म्हणजे ज्या कामाला सगळ्यांनी साफ म्हटलं तेच सगळ्यात वाईट होतं. आणि त्याच कामाला गूळ नव्हता, नळी नव्हती, वजनकाटा नव्हता.

मनात एक गोष्ट कित्येक दिवस रुतून बसली होती. मी मॅडमना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, “मॅडम, क्रशरवर होते तवा त्याईले गूळ भेटत जाय. तो त्याईनं खाल्ला नाही. आमी मायलेकींनी खाल्ला. म्हनून झालं का हे?”

मॅडम चालता-चालता थांबल्या. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बाई, गुळाने या धुळीचं काहीही होत नाही. त्यांनी पोतंभर गूळ खाल्ला असता तरी हेच झालं असतं. तो गूळ तुमच्या मुलींच्या तोंडात गेला, हीच त्याची सगळ्यात चांगली जागा होती.”

मी तिथेच बसून रडले. आजाराचं नाव कळलं तेव्हा रडले नव्हते. या एका वाक्यासाठी मी मॅडमना जन्मभर विसरणार नाही.

उपचार म्हणाल तर, लेव्होडोपा नावाच्या गोळ्या सुरू केल्या. त्या मुंबईहून मागवाव्या लागत. मेंदूला जे रसायन कमी पडतं ते या गोळ्या भरून काढतात, असं मॅडम म्हणाल्या. काही जणांना गुण येतो. धनराजना उलट्या झाल्या आणि मान थोडी सरळ झाली, एवढंच. त्यांना घरी सोडलं.

मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी कारखान्याला कळवलं आणि सरकारी इन्स्पेक्टरांबरोबर स्वतः तिथे गेल्या. मनोहरने येऊन सगळं सांगितलं. त्या ऑफिसात बसल्याच नाहीत. ट्रकमधून दगड उतरतो तिथून निघाल्या आणि पोत्याचं तोंड शिवतात तिथपर्यंत प्रत्येक माणसापाशी थांबल्या. हुद्दा कोणालाच विचारला नाही. तू सकाळपासून हाताने काय-काय करतोस, ते विचारलं. पाणी भरणाऱ्या बाईला विचारलं. कोरड्या झाडूने फरशी झाडणाऱ्या बाईला विचारलं, आणि ती झाडत असताना तिथेच उभ्या राहिल्या. पांढरा पदर नाकाला लावला होता, तो काढला तेव्हा काळा झाला होता. त्यांनी मॅनेजरांना सांगितलं, तपासणी करायची तर आधी पॅकिंगवाल्यांची आणि झाडणारीची करा. छातीला नळी लावून काही कळणार नाही. त्यांना मागे चालवा, नाव लिहायला लावा, झोप येते का आणि उगाच हसू येतं का ते घरच्यांना विचारा. फरशी ओली करून झाडा. एकच माणूस त्या तोंडाशी कायम ठेवू नका.

“मॅनेजर काय म्हनला?” मी विचारलं.

“हो हो म्हनत होता. चहा पाजला त्याईले. काचेच्या कपात.”

नंतर थोड्याच दिवसांनी मॅडमची बदली झाली. कुठे, ते वॉर्डात कोणी नीट सांगू शकलं नाही. इन्स्पेक्टर पुन्हा आल्याचं मनोहरने कधी सांगितलं नाही. आणि एका संध्याकाळी तो सायकलवरून उतरला तोच खुशीत.

“ताई, काम झालं आपलं! मॅडमनं करून दाखवलं.”

“काय झालं?”

त्याने खिशातून रुमाल काढला आणि गाठ सोडली. “आजपासून पॅकिंगलेही गूळ!”

मुली टुणकन उठल्या. मी त्या खड्याकडे बघत राहिले. एवढी शिकलेली बाई नाकाला पदर लावून त्या काळोखात फिरली, बोट ठेवून एकेक गोष्ट दाखवली, आणि त्या सगळ्यातून कारखान्याला काय समजलं, तर या लोकांना गूळ द्यायचा राहिला होता. खाटेवर धनराज हसायला लागले. त्यांचं ते नेहमीचं, न थांबणारं हसू. पण मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मला वाटलं, या वेळी त्यांना खरंच हसू आलं आहे.

मी मनोहरच्या मागे लागले, नोकरी सोड. तो ऐकेना. “भाऊजी खाटेवर. मी बी सोडलं तं तुह्या बालवाडीच्या पैशात चूल कशी पेटन वं ताई? अन् मले काय झालं? पाह्य ना, धडधाकट हावो.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून तर मला काही बोलता येईना. नवऱ्याला त्या कामाने खाल्लं, आणि त्याच कामाच्या भाकरीवर मी त्याला जगवत होते. यावर कोणत्या डॉक्टरकडे औषध असतं?

मग मॅडमची तपासणी मीच सुरू केली. दर रविवारी अंगणात मनोहरला उभं करायचं आणि म्हणायचं, मागे चाल. आधी मुलींच्या पाटीवर नाव लिहायचं, मग चालायचं. तो नाटकं करायचा. कधी सलाम ठोकत मागे जायचा, कधी नवरदेवासारखा मिरवत. मुलीही त्याच्याबरोबर मागे चालायच्या. शेजारपाजारचे हसायचे. धनराज दारातल्या खाटेवर बसून बघायचे. मी म्हणायची, “पास,” आणि पाटी पुसून टाकायची. आमच्या घरची ही कंपनीची तपासणी. त्यात गूळ नव्हता.

असे किती रविवार गेले मी मोजले नाहीत. एका रविवारी तो नेहमीसारखाच मागे गेला आणि मी तोंड उघडणार, एवढ्यात खाटेवरून आवाज आला.

“टाच.”

धनराज बोलले होते. कित्येक आठवड्यांत त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

“काय झालं टाचेले?” मनोहर म्हणाला. “काही नाही झालं. तुम्ही बी भाऊजी!”

“परत.”

तो परत चालला. मला काही दिसलं नाही. धनराजनी बोट उचललं आणि डाव्या पायाकडे दाखवलं. “परत.” तिसऱ्या वेळी मनोहरने नाटक केलं नाही. तो सरळ, मन लावून मागे चालला, आणि मला मातीत दिसलं. उजव्या पायाचे ठसे सुटे-सुटे होते. डाव्या टाचेची एक बारीक रेघ ओढली गेली होती.

मनोहर त्या रेघेकडे बघत उभा राहिला. चेहरा उतरला त्याचा. चेहरा अजून उतरू शकतो याचंच मला त्या क्षणी किती बरं वाटलं!

“सोड,” धनराज म्हणाले. मग खूप वेळ घेऊन, एकेक शब्द वजन उचलल्यासारखा उचलत, “उद्या... नको... जाऊ.”

दुसऱ्या दिवशी तो गेला नाही. आता तो लकडगंजमध्ये एका टालावर लाकडं मोजून देतो. तिथे लागला तेव्हा मी त्याला नोकरीचं नाव विचारलं नाही. विचारलं, दिवसभर उभा कुठे राह्यतोस, हातानं काय करतोस, नाकात काय जाते? तो वैतागला, पण त्याने सगळं सांगितलं. दमला की अजून त्याची डावी टाच ओढते. वाढलेलं नाही. जाणार की नाही, ते कोणी सांगत नाही. रविवारी तो अजून मागे चालतो, आता नाटक न करता.

धनराज आहेत तसेच आहेत. बरे होणार नाहीत, हे मी मान्य केलं आहे. मान्य केलं म्हणजे सहन होतं असं नाही. पण आता लोकांसमोर त्यांचं हसू सुटलं तर मी लाजत नाही. मी आधी त्यांच्या डोळ्यांकडे बघते. आतला माणूस हसत असेल तर मीही हसते, नसेल तर हात धरून बसते. हे मला त्या मॅडमनी शिकवलं. त्या जिथे असतील तिथे सुखी असोत.

तुमच्या घरी कोणी असं लहान-लहान लिहायला लागलं, उगाच हसायला लागलं, झोपेला पारखं झालं, तर डॉक्टरांना कामाचं नाव सांगून गप्प बसू नका. नावात काही नसतं. उशीची खोळ घ्या आणि त्याला म्हणा, करून दाखव.

पॅकिंगची जागा रिकामी राहिली नाही. मनोहर त्याची तिथे राहिलेली सायकलच्या हत्यारांची पेटी आणायला गेला तेव्हा तिथे नवा माणूस उभा होता. छत्तीसगडकडचा, एकटाच राहतो, बायको-पोरं गावी. पोत्याचं तोंड पसरून, डोळे मिटून, मान फिरवून तो उभा होता. मनोहरने त्याला बाजूला घेऊन सांगून पाहिलं. तो म्हणाला, “अरे भैया, अपना तो साफ काम है.”

रविवारी त्याला मागे चाल म्हणणारं इथे कोणी नाही. गूळ मात्र त्याला रोज मिळतो.